वजा एक

रविवार, ७ सप्टेंबर

पोचले एकदाची. पुण्यात विसर्जनाची गर्दी ओलांडून विमानतळ गाठायला तीन तास लागले, आणि इथे दोह्यात उतरल्यापासून खोलीत बॅग टेकवेपर्यंत जेमतेम पाऊण तास. अल हिलालमधल्या एका जुन्या व्हिलाची मागची खोली मिळाली आहे. व्हिलात राहणाऱ्या ताहेरुन्निसा मूळ राजापूरच्या, पस्तीस वर्षं इथे आहेत. दार उघडताच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, फोनवर तर तू बारीक वाटली होतीस गं बाय. मला इतकं हसू आलं की प्रवासाचा शीणच गेला. त्यांना आपा म्हणायचं ठरलं. मी मासे खाते का, हे विचारायच्या आधीच सुरमईचं कालवण ताटात पडलं होतं.

ही वही रुचानं दिली. तिची अट एकच: रोज नाही जमलं तरी चालेल, पण खोटं लिहायचं नाही. बारावीतली मुलगी आईला असं सांगते म्हणजे आईचं काहीतरी चुकत असणार. मी खोटं कधी बोलते? ‘ठीक आहे’ म्हणते, तेवढंच.

तीन आठवड्यांचं काम. तीस तारखेला परत.

सोमवार, ८ सप्टेंबर

साइट पाहिली. इंडस्ट्रियल एरियातलं गोठवलेल्या मांस-मासळीचं गोदाम. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत उणे बावीस. चार मोठ्या खोल्या. प्रत्येकीच्या छताला एक छोटा रडार सेन्सर आहे, तो आत माणसं किती ते मोजतो. आकडा सुपरवायझरच्या केबिनमधल्या बोर्डावर दिसतो, आणि आत दाराशेजारच्या हिरव्या पॅनेलवरही. आकडा शून्य झाला की आतले दिवे जातात, सरकत्या दाराला कुलूप लागतं आणि आतली धोक्याची घंटा काम करेनाशी होते, कारण बर्फामुळे ती उगाचच वाजायची. आत एक जरी माणूस असला तरी कुलूप लागत नाही. मला ही रचना आवडली. साधी आहे.

सुपरवायझर रहमानभाई श्रीवर्धनचे, पंचावन्नचे असतील. मराठी ऐकून एकदम खुलले. पहिल्याच फेरीत माझं बॉलपेन आत गोठलं, तेव्हा कानावरची पेन्सिल काढून दिली आणि म्हणाले, घ्या लताबाई, उणे बावीसमध्ये हाच एक कंप्युटर हँग होत नाही. कुलूप लागलं तरी दार उघडावं म्हणून आतून ढकलायची मूठ आहे, पण चार नंबरची मूठ बर्फानं धरते. बाहेरून लाकडी हातोडा हाणून सोडवावी लागते. चार महिन्यांपूर्वी त्यांनी तसं लिहून दिलंय. ते माझ्या कामात येत नाही, पण टिपून ठेवलं. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला, हनियाला, सांगायला हवं.

एक गोष्ट पाहून गंमत वाटली. कामगार आत जाताना गमबूट चढवतात आणि आपापल्या चपला खोलीच्या दाराबाहेर ओळीनं ठेवतात. लॉकर रिकामे. दार लावायच्या आधी रहमानभाई बोर्डाकडे बघतच नाहीत. खाली बघतात, चपला मोजतात. मी चिडवलं, की एवढं रडार छताला टांगलंय ते कशाला मग? ते म्हणाले, रडारला घरी जायचं नसतं, म्हणून ते चुकलं तरी त्याचं काही जात नाही.

चार नंबरच्या दाराशी, सगळ्यात डावीकडे, एक तपकिरी जोड होता. धूळ बसलेला. सगळे बाहेर आले, आपापल्या चपला घालून गेले, तरी तो तिथेच होता.

बुधवार, १० सप्टेंबर

काम सुरू. रुचाला सांगितलं तेच इथे लिहिते. कर्नल म्हणजे यंत्राच्या घराचा कारभारी. सेन्सर काय बोलतो ते त्याला कळत नाही, म्हणून दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर मॉड्यूल. कारभारी बदलला की जुन्या दुभाष्याला तो घरात घेत नाही. आवृत्तीचं एक अक्षर वेगळं असलं तरी दारातूनच परत. इथे त्यांनी कर्नल बदललाय. म्हणून जुन्या कोडवरून मॉड्यूल नव्यानं बांधायचं, चारही खोल्यांच्या कंट्रोलरवर चढवायचं, आणि खाली मी सही करायची.

कोड मयूर नावाच्या मुलाचा आहे. नाशिकचा, दोन वर्षांपूर्वी इथे होता, तडकाफडकी सोडून गेला. काम नेटकं आहे. एकच जागा खटकली. त्यानं फिल्टर टाकलाय: जे नव्वद सेकंद जागचं हललं नाही ते माणूस नव्हे, मोजणीतून काढून टाका. लोखंडी रॅकवरून लहरी परततात आणि माणूस असल्याचा भास होतो, हे खरं. आमच्या धंद्यात त्याला घोस्टच म्हणतात. पण नव्वद सेकंद? एखादा दमून बसला तर? त्या ओळीखाली मयूरची टीप आहे, की हे बरोबर नाही, पण सोमवारी इन्स्पेक्शन आहे.

त्याला मेल केली. उत्तर नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

फिल्टर काढून मॉड्यूल बांधलं आणि चढवलं. एक, दोन, तीन नंबरच्या खोल्या शून्य. चार नंबर: एक.

आत कुणी नव्हतं. मी स्वतः जाऊन पाहिलं. सेन्सर म्हणतो, दारापासून दीड मीटरवर, भिंतीला लागून, जमिनीपासून दोन फूट उंचीवर. बसलेल्या माणसाची उंची. तिथे रॅक नाही. तिथे काहीच नाही.

सेन्सर बदलला. परत एक.

मंगळवार, १६ सप्टेंबर

माझ्याच कोडमध्ये चूक असेल म्हणून काल दिवसभर एकेक ओळ तपासली. चूक सापडली नाही. सापडली असती तर किती बरं झालं असतं.

आज रहमानभाईंना ती जागा दाखवली. खडूनं गोल केला होता. ते गोलाकडे बघत राहिले आणि मग मला बाहेर चहाला घेऊन आले. नंतर सांगितलं. काशिफ, त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ, म्हसळ्याचा. त्यांनीच व्हिसा काढून आणलेला. चाळिशीचा माणूस, फोर्कलिफ्ट चालवायचा. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी चार नंबरमध्ये बर्फावरून पाय घसरला, उठता येईना, भिंतीला टेकून बसून राहिला. तेव्हा चपला लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता. बोर्ड नवा होता. बोर्डावर शून्य होतं. रहमानभाईंनी शून्य पाहिलं आणि गोदामाचं शटर ओढलं. शुक्रवारची सुट्टी. शनिवारी दार उघडलं तेव्हा तो तसाच बसलेला होता. दारापासून दीड मीटरवर.

अहवालात हृदयविकार लिहिलंय.

त्या दिवसानंतर चपला बाहेर. तो डावीकडचा जोड काशिफचा. लॉकरमधून काढून रहमानभाईंनीच तिथे ठेवला, आणि तेव्हापासून कुणी हलवला नाही.

त्यांनी मला विचारलं, की तो फिल्टर नसता तर काशिफ बोर्डावर दिसला असता का? माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, श्वास चालू होता तोवर नक्की दिसला असता.

गुरुवार, १८ सप्टेंबर

हनियाशी तासभर कॉल. अठ्ठावीसला इन्स्पेक्शन आहे. चार नंबरचं दार कुलूप घेत नाही, थंडी गळतेय, सगळा माल धोक्यात. तिचं म्हणणं, दोन वर्षं चाललेला फिल्टर परत टाका. मी सांगितलं, त्या फिल्टरनं माणूस मेलाय. ती हळू आवाजात म्हणाली, लता, रिपोर्टमध्ये हार्ट आहे. वर आणखी एक मागणी: कॉरिडॉरमधल्या चपलांनी स्वच्छतेचे गुण जातील, त्या लॉकरमध्ये जाऊ देत. कामगार तिचं ऐकत नाहीत. इंजिनिअरनं सांगितलं तर ऐकतील.

मी ‘ठीक आहे’ म्हटलं.

फिल्टर परत टाकला. मग कॉरिडॉरमध्ये उभी राहून अकरा जणांना सांगितलं, की आता मोजणी पक्की आहे, चपलांची गरज नाही. माझा आवाज स्थिर होता, याची आता लाज वाटते. रहमानभाई वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी काशिफच्या चपला फुंकरीनं साफ केल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि काखेत घेतल्या. एवढंच म्हणाले, खलास.

बोर्डावर चार शून्यं.

चार नंबरच्या मुठीचं हनियाला सांगायचं राहिलंच.

रविवार, २१ सप्टेंबर

चार नंबर: एक.

फिल्टर चालू आहे. नीट चालू आहे, तीन वेळा पाहिलं. जे हलत नाही ते मोजलं जात नाही.

म्हणजे आता ते हलतंय.

सोमवार, २२ सप्टेंबर

सेन्सरच्या नोंदींचा लॉग काढला. गुरुवारी दुपारी, चपला उचलल्यानंतर बारा मिनिटांनी सुरू झालंय. त्याआधी कधीच नाही. दर वेळी एक छोटी हालचाल, हात उचलावा एवढी. मग थांबतं. मग पुन्हा.

मधलं अंतर दर वेळी तेवढंच. एकोणनव्वद सेकंद. चार दिवस, न चुकता. एकोणनव्वद.

पंखा असेल, गळका पाइप असेल, असं स्वतःला समजावलं. पंख्याला नव्वदचा आकडा कसा कळेल? तो कोडमध्ये आहे. मयूरला माहीत आहे आणि मला.

मयूरचं उत्तर आलं. एकच ओळ. तो दिसत असेल तर दिसू द्या.

मी त्याला काशिफबद्दल काहीच लिहिलं नव्हतं.

बुधवार, २४ सप्टेंबर

हनियाचे सकाळपासून सहा फोन. चार दिवस उरलेत. शेवटी मी एक ओळ लिहिली. खोली चार: वजा एक.

एवढंच. जे येईल त्यातून एक कमी करा. हाताखालच्या पोरांनी असलं काही लिहिलं असतं तर मी त्यांना बाजूला घेऊन झापलं असतं. आमच्यात रीत आहे, प्रत्येक बदलाखाली, हे बरोबर असल्याचं मी सांगते म्हणून नाव घालायचं. मी नाव घातलं. पूर्ण नाव.

चार शून्यं. हनियानं फुलं पाठवली, मोबाइलवरची.

रहमानभाईंना सांगायचं धाडस झालं नाही, की तुमचा मेहुणा मी आज वजा केला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

जेवण गेलं नाही. आपा म्हणाल्या, तुझ्या तोंडाचा रंग उतरलाय गं बाय, कुणाची तरी वस्तू घेऊन आल्यासारखी बसलीयस. रुचाचा फोन आला. ठीक आहे म्हटलं. तिनं विचारलं, वहीतही हेच लिहितेस का?

ती ओळ काढायचीच. फिल्टरही. इन्स्पेक्शन गेलं तर जाऊ दे.

संध्याकाळी मॉड्यूल उतरवायला गेले. कर्नल नाही म्हणाला. मॉड्यूल वापरात आहे. किती जण वापरतायत? एक. कोण? तिथे नाव येतं. तिथे काहीच आलं नाही, रिकामी जागा. सगळे प्रोग्रॅम बंद केले. तरी एक. बाहेरून रीस्टार्टची आज्ञा दिली, ती घेतच नाही.

कुणीतरी धरून ठेवलंय.

कंट्रोलरची पेटी चार नंबरच्या आत आहे, दारावर, उंच. हातानं केबल काढली की सगळं बंद, मग सुटेल. उद्या शुक्रवार. खोली रिकामी असेल. उद्याच.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सकाळी १०.४०. रहमानभाईंच्या केबिनमध्ये. त्यांनी शटर उघडून दिलं, आता जुम्याच्या नमाजला निघालेत. सोबत थांबतो म्हणत होते. मीच म्हटलं, जा तुम्ही, अर्ध्या तासाचं काम आहे. परत आल्यावर बोर्ड बघा, शून्य असलं तर मी टॅक्सीनं गेले समजा. त्यांनी दोनदा विचारलं, चपला कुठे ठेवणार? लॉकरमध्ये, म्हटलं. नियम मीच सांगितला, मीच कसा मोडू? ते हसले नाहीत.

हिशोब सरळ आहे. ते एक, मी एक, दोन. त्यातून वजा एक. उरला एक. मी हलत राहिले की बोर्डावर एक राहील. एक आहे तोवर कुलूप नाही. शिडी बाहेर केबिनशेजारी, नेहमीच्या जागीच आहे. आधी आत एक फेरी मारून पेटी बघते.

अकरा पन्नास असतील. आत आहे. पेन्सिलनं लिहितेय. हात —

नीट लिहायला हवं. रुचाला कळायला हवं.

आत आले. दार माझ्यामागे सरकून बंद झालं, ते आपोआप होतंच. पॅनेलवर एक. पेटी पाहिली. शिडी आणायला वळले. मी चालतच होते, एकदाही थांबले नाही. पॅनेलवर शून्य झालं. दिवे गेले. कुलूप लागल्याचा आवाज.

मी हलत होते.

ते थांबलं होतं.

आठ दिवसांत पहिल्यांदा. नव्वद सेकंद अगदी गप्प बसलं. मोजणीतून गेलं. उरले मी. त्यातून वजा एक.

माझीच ओळ. माझं नाव आहे खाली.

घंटा दाबली. वाजत नाही. शून्यावर वाजत नाही. मूठ — गोठलीय. हातोडा बाहेर. फोनला रेंज नाही, टॉर्च दहा मिनिटांत विझला. दारातल्या वाटोळ्या काचेतून थोडा उजेड येतो, तिच्यावरही बर्फ. तिथेच उभी राहून लिहितेय.

खोकी फेकली. फेकलेलं खोकं क्षणभरच हलतं. नवं काही सलग दहा सेकंद हललं तरच मोजणीत घ्यायचं, हा मयूरचाच दुसरा नियम. मीच ठेवलं. चांगलं वाटलं होतं मला ते.

खोकी रचून पेटीपर्यंत — एकमेकांना चिकटलीत. उचलत नाहीत.

उड्या मारतेय. शून्य. हात हलवतेय. शून्य.

मी दोन माणसं नाही होऊ शकत.

खडूचा गोल दिसतो. मी तिकडे बघत नाही. बघितलं. काही नाही तिथे. भिंतीवरचा बर्फ तेवढ्या जागी नाही. पाठीएवढ्या. टेकून बसल्यासारखा —

रहमानभाई आले!

काचेवर सावली. लांबून केबिनकडे गेली. परत आली. दारासमोर उभे आहेत. मी ठोकतेय. हाताला लागलेलं कळत नाही आता. बाहेर कंप्रेसर चालू, ऐकू जात नाही त्यांना. काच खरवडतेय —

ते बोर्ड बघून आलेत तरी आलेत. बोर्डावर विश्वास नाही त्यांचा. बरं झालं. किती बरं —

वाकले. खाली बघतायत. दाराशी. जिथे चपला —

बघतायत अजून.

काहीच नाही तिथे. लॉकरमध्ये आहेत हो, रहमानभाई. लॉकर उघडा. लॉकर

गेले.

शटरचा आवाज नाही आला. हादरा आला. पायांना.

शनिवारी उघडतील. उद्या. उद्या किती वाजता ते विचारलं नव्हतं.

बसायचं नाही. चालतेय, मग दोन शब्द लिहितेय. गुडघे वाकतात आपोआप. भिंतीकडे जातात.

तो वाईट नाही. मला वाटतं तो फक्त दमला. आठ दिवस हात हलवत होता, कुणीतरी बघेल म्हणून. मी बघितलं. मी वजा केला.

काशिफभाई.

मी लता. तुमच्या चपला मी उचलायला लावल्या. माझं चुकलं. चुकलं होतं ते तेव्हाही माहीत होतं. घरी आहेत त्या, रहमानभाईंकडे, नीट गुंडाळून. मी स्वतः आणून जागेवर ठेवीन. नाव काढीन माझं. अहवाल लिहीन, खरा, रुचाची शपथ. फक्त एकदा हला. दहा सेकंद. दहाच. मी मोजते, तुम्ही हात वर करा, मी दाराशी आहे, पॅनेलकडे बघतेय, एक दिसला की मी —

काशिफभाई, हला ना हो

एक

दोन

ती